न जळणारा बर्फ

परबांच्या घरात मुद्द्याचं बोलणं कधी एकदम निघत नसे. आधी चहा, मग गावच्या कुणाच्या तरी आजारपणाची चौकशी, मग नळावरचं भांडण, आणि पाहुणा उठून दारात चपला शोधायला लागला की मग कुठे खरी गोष्ट बाहेर पडायची. रत्नप्रभा याच घरात वाढलेली, तिला हे सगळं पाठ होतं. तरी शहाऐंशी सालच्या हरतालिकेच्या दुपारी ती मुलुंडहून सासरचा गणपती टाकून पार्कसाईटला आली, उंबऱ्यात चपला काढल्या आणि पाणीसुद्धा न मागता म्हणाली,

"आई, माळ्यावरची ती गोणी यंदा काढायची नाही."

वनमाला हरतालिकेची पत्री निवडत बसली होती. पोटात सकाळचं एक केळं, तेवढंच. तिने मान वर केली नाही.

"खयची गोणी?"

"बर्फाची."

बर्फ म्हणजे दत्ताराम परबांच्या गणपतीचा बर्फ. गुरुकृपा चाळीतच काय, विक्रोळीच्या त्या अख्ख्या टेकडीवर त्याला तोड नव्हती. बाकीच्यांच्या देखाव्यातल्या हिमालयाला कापूस लागायचा, परबांच्या हिमालयाला गोदीतली सफेद दोरी. दत्ताराम गोदीत लॅगिंगवर होता. बोटीच्या इंजिनघरातल्या तापल्या पाइपांना ॲसबेस्टॉसची दोरी गुंडाळायची, वरून लगदा थापायचा, आणि जुनी बोट दुरुस्तीला आली की तोच सुकलेला थर हातोडीने फोडून काढायचा, हे त्याचं एकतीस वर्षांचं काम. दोरीचे उरलेले तुकडे डब्याच्या पिशवीतून घरी यायचे. हरतालिकेच्या संध्याकाळी चाळीतली पोरं गोल करून बसायची, तुकडे सोडवून पिंजायची आणि बघता बघता खोलीभर मऊ, चकचकीत बर्फ व्हायचा. त्यावर निरांजन ठेवा, उदबत्ती खोचा, कापूर पेटवा, ढिम्म जळायचा नाही.

आणि त्यासाठीच तो आणला होता. एकसष्ट साली याच खोलीत कापसाच्या हिमालयाला निरांजन लागलं आणि पाच वर्षांच्या काशीरामचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. पोराला खांद्यावर टाकून दत्ताराम घाटकोपरच्या इस्पितळापर्यंत पळत गेला होता. त्या पोराचं ओरडणं त्याच्या कानातून कधी गेलंच नाही. पुढच्या चतुर्थीला त्याने देवासमोर सांगितलं, माझ्या घरात आता पेटणारी वस्तू येणार नाही. तेव्हापासून चोवीस वर्षं तोच बर्फ, दरवर्षी थोडी भर घातलेला, विसर्जनानंतर गोणीत भरून माळ्यावर जायचा.

"आज उपास हा माजो," वनमाला म्हणाली. "आज वाईट काय बोलू नको, बाय."

"आई, रिपोर्ट आला."

वनमालाच्या हातातलं आघाड्याचं पान तसंच राहिलं. बाहेर गॅलरीच्या पार टोकाला, वारा लागतो तिथे, दत्ताराम कॅनव्हासच्या खुर्चीत बसला होता. आडवं पडलं की त्याला श्वास मिळत नसे, म्हणून गेला महिनाभर रात्रीही तो खुर्चीतच. सहा वर्षांची नात शकु त्याला पुस्तकातला धडा वाचून दाखवत होती. दोघांच्याही कानावर इथलं काही जात नव्हतं.

"टीबी नाही तो. टीबी नव्हताच कधी." रत्नाने आवाज खाली आणला. ती महापालिकेच्या इस्पितळात नर्स होती, रोज दहा जणांना असं काहीतरी सांगत होती, पण इथे ती पत्रीच्या ताटाकडे बघत बोलली. "फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर आहे. छातीत पाणी सारखं भरतं ते त्याचंच. डॉक्टर म्हणाले, दिवाळी धरू नका."

दोन वर्षं टीबी, टीबी म्हणून वनमालाने नवऱ्याचा कप वेगळा ठेवला होता, ताट वेगळं, टॉवेल उकळून काढलेला. नातीला आजोबांच्या मांडीवर बसू दिलं नव्हतं. पोरगी रडायची, तरी नाही. आणि हे सगळं चाललं होतं त्याच माळ्याखाली.

"डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कामाला कुठे होते. मी सांगितलं तर त्यांनी मान हलवली, जसं काय त्यांना माहीतच होतं. मग म्हणाले, कपडे घरी धुवायचे का? घरी काही आणायचे का ते?" रत्नाने डोळे पुसले. "मी हो म्हटलं, कपडे आई धुवायची. आणि मग मला गोणी आठवली गं. आम्ही पोरं त्यात तोंड खुपसायचो."

आत मखराच्या कामट्या बांधत बसलेल्या काशीरामने हे सगळं ऐकलं होतं. सुतळी तोंडात धरून तो बाहेर आला, ती काढली आणि म्हणाला, "झालं तुझं? गोदीत ज्याला बघावं त्याला हेच सांगतात हल्ली. युनियनच्या गेट-मीटिंगला पण एक जण पत्रक वाटून गेला. अरे, खात्यात तीनशे माणसं आहेत आमच्या. सगळी मेली काय?"

"रिटायर होऊन किती गेले? आणि त्यातले किती आहेत रे दादा?"

"बिड्या फुंकून मेले."

"बाबांनी आयुष्यात बिडी ओढली नाही."

काशीराम चिडला. घरात सगळ्यांना वाटलं, बहिणीवर चिडला. खरी गोष्ट एकट्या त्यालाच माहीत होती. वडिलांच्या जागी त्याच खात्यात लागून त्याला अकरावं वर्ष चालू होतं. जूनमध्ये कामावर सगळ्यांच्या छातीचे फोटो काढले, तेव्हा त्याला आत बोलावून तिथला डॉक्टर म्हणाला होता, जरा सावली दिसते, बिडी सोड. काशीरामने कधी बिडीला हात लावला नव्हता. तो फोटो त्याने बाहेर मागून घेतला, खाकी पाकिटासकट हत्यारांच्या पिशवीच्या तळाशी घातला आणि बायकोला, सुलक्षणालासुद्धा सांगितलं नाही. रत्ना बोलत होती ते खरं धरलं, तर ते पाकीट उघडावं लागणार होतं.

"बाबा परवा काय म्हणाले आठवतं ना आई?" तो म्हणाला. "यंदा डोंगर मोठा करूया, पुढच्या चवथीक कोण आसा, कोण नाय. त्यांना कळलंय सगळं. शेवटचा हिमालय बघायचाय त्यांना. आणि आपण काय सांगायचं? गोणी उंदरांनी खाल्ली?"

"काय पण सांग. पण उघडायची नाही."

"एका दिसान काय होता गो?" वनमाला हळूच म्हणाली. लेक आणि मुलगा यांच्यात ती नेहमी लेकीकडे झुकायची, आज तिने बाजू बदलली. "चोवीस वर्षां झाली. जां व्हायचा तां झाला. एकदा तेंका डोळे भरून बघूंदे. मी भिजवून ठेवतंय, पोरांका हात लावूंक देणा नाय."

"आई, डॉक्टर म्हणाले, हलवू पण नका. प्लास्टिकात गुंडाळा."

"मगे ह्यांका काय सांगू? तुमी हौसेन हाडल्यात ता विख होता? मराच्या टायमाक ह्या सांगू माणसाक?" वनमाला म्हणाली. "तू शिकलेली मा, तूच सांग."

हीच गोष्ट रत्नाला कालपासून खात होती.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मार्तंडमामा, वनमालाचा धाकटा भाऊ, माटवीचं सामान घेऊन आला होता. गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटवी बांधायचा मान दरवर्षी त्याचाच. दोन्ही हातांत पिशव्या, त्यातून तेरडा, हरणाची फुलं, लाल कवंडळं बाहेर डोकावत होती. दारात आला आणि चौकटीला हात लावून तसाच उभा राहिला. बोलायला त्याला अंमळ वेळ लागला.

"काय, भांडता काय सगळी? सणाक?"

काशीरामने त्याला दोन वाक्यांत सांगितलं, आणि मामा माझ्या बाजूने बोलणार या खात्रीने सांगितलं. मामा बोललाही तसाच.

"खुळी की काय तू रत्ना? बारा वर्षां नेव्हीत काढलंय मी, बॉयलररूमात. वरच्या पाइपांचो भुगो खाली जेवणाच्या ताटात पडा. फुंकर मारून जेवू आमी. त्याच पट्ट्यांची उशी करून वॉचची पाळी संपली की थंयच झोपत होतंय. माका काय धाड भरली?"

"मामा, स्टेशनवरून टेकडी चढताना किती वेळा थांबलात?"

मामा हसला. "वय झाला माझा."

"पंचावन्न. किती वेळा?"

"तीनदा," मामा म्हणाला. मग पिशव्या खाली ठेवून पाटावर टेकला. कवंडळाचा एक डहाळा उगाच बोटांत फिरवत राहिला. "चारदा. मारुतीच्या देवळाकडे पण थांबलंय."

वनमालाने भावापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"आमच्या बॉयलररूमातली नऊ जणां होती," मामा म्हणाला. त्याचा आवाज आता निराळा होता. "बासष्ट सालचो फोटो हा माझ्याकडे. आता ऱ्हवलव मी आणि मालवणचो धाकू. बाकी सगळे गेले. आमी म्हणू, दारूनं गेले, नेव्हीवाल्यांका दारू भोवली. पण खरा सांगू काय वनू, त्यातले तिघे थेंब घेत नव्हते. एक तर माळकरी." त्याने काशीरामकडे बघितलं. "ऱ्हवूंदे ती गोणी वरच."

काशीरामला हे अनपेक्षित होतं. मामाने पण पलटी मारली. तो ताडकन उठला, स्टूल ओढलं आणि माळ्याखाली ठेवलं.

"कुणी काय बोलू नका. माझ्या बापाला हिमालय बघायचाय. मी एकटा पिंजतो. मी रोजच करतो ते काम, मला काय फरक पडतो?"

"दादा, प्लीज."

"तू उद्या मुलुंडला जाशील. त्यांच्या तोंडाकडे मला बघायचंय."

सुलक्षणा इतका वेळ मोरीशी उभी होती. सात वर्षं झाली तिला या घरात येऊन. सासरे बोलत असताना सुनेने मध्ये बोलायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण ती तशीच वागायची, आणि दत्तारामचा तिच्यावर जीव होता. दर शनिवारी ती नवऱ्याची डांगरी गॅलरीत झटकायची. निळ्या कापडातून पांढरा धुरळा उडायचा, उन्हात चमकायचा. शकु रांगत होती तेव्हा तो धुरळा पकडायला हात वर करायची आणि सुलक्षणाला त्याचं कौतुक वाटायचं. रत्ना बोलायला लागल्यापासून तिच्या डोळ्यांसमोर तेवढंच होतं.

"तुम्ही ती गोणी काढलीत ना," ती म्हणाली, "तर मी शकुला घेऊन माहेरी जाईन. आत्ता."

काशीराम स्टुलावरून वळला. "चवथीच्या आदल्या दिवशी?"

"आत्ता म्हटलं मी."

"सुलू!" वनमाला म्हणाली. "सणाक घरची लक्ष्मी भायर जाता काय?"

"आई, तुम्ही त्यांचा कप दोन वर्षं वेगळा ठेवलात. कुणासाठी? शकुसाठीच ना? मग आता काय झालं?"

वनमालाने पत्रीचं ताट बाजूला सारलं आणि पदर तोंडाला लावला.

पण काशीरामच्या अंगात आलं होतं. त्याने हात घालून गोणी पुढे ओढली. चोवीस वर्षांचं तागाचं गोणपाट, पावसाळी हवेत कुजलेलं. कड्याला अडकलं आणि टर्रकन फाटलं. बर्फ खाली आला. आवाज काहीच झाला नाही. आधी दोन-चार पुंजके, मग एक मोठा लोंढा, स्टुलावर, पत्रीवर, काशीरामच्या केसांवर. गॅलरीतून शकु धावत आली. "बर्फ! आबा, बर्फ काढला!" दोन्ही हात पसरून ती ढिगाकडे झेपावणार, तोच सुलक्षणाने तिला कमरेत धरून उचललं आणि बाहेर पळाली. पोरीने भोकाड पसरलं. रत्नाने मोरीतली बादली उचलली आणि सगळं पाणी एका दमात त्या ढिगावर ओतलं. मग पिंप. कळशी. घरातलं भरून ठेवलेलं सगळं पाणी.

काशीराम स्टुलावर निथळत उभा होता. पायाखाली पांढरा चिखल झाला होता, त्यात हरतालिकेची पानं.

"काय झाला?"

दत्ताराम दारात उभा होता. भिंतीला धरून एवढी गॅलरी चालून आला होता, छाती भात्यासारखी चालली होती. त्याने आधी ढिगाकडे बघितलं, मग एकेकाच्या तोंडाकडे. वनमालाने तोंड फिरवलं. मामा कवंडळाकडे बघत राहिला.

"उंदीर, बाबा," काशीराम म्हणाला. "गोणी खाल्ली उंदरांनी."

"उंदरांक पाणी घालता काय कोण?" दत्ताराम आत आला, पाटावर बसला, पाय ओल्या बर्फात टेकणार तोच रत्नाने पाट मागे ओढला. बापाला एवढं पुरलं. त्याने लेकीचा हात धरला. "रत्ना, तू सांग. लहानपणापासून तुका खोटा जमला नाय."

रत्नाने आईकडे बघितलं. वनमालाने नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही.

मग रत्नाने सांगितलं. घाई न करता, सोप्या शब्दांत, इस्पितळात सांगायची तसं. ती दोरी, तिची कुसळं, श्वासातून ती आत जातात आणि तिथेच राहतात, बाहेर पडत नाहीत. दत्ताराम मान हलवत होता. स्वतःबद्दलचं त्याने असं ऐकलं जणू शेजाऱ्याबद्दल चाललंय. त्याच्या खात्यातल्या सोबत्यांच्या मयताला तोच जात होता, त्याला सगळंच नवं नव्हतं.

"कामावरचा ता समाजला. भोगल्याशिवाय सुटका नाय. पण ह्या?" त्याने बोट ढिगाकडे केलं. "ह्या घरातला? ह्या पण तसाच?"

"तेच आहे बाबा."

"थोड्याशान पण होता?"

"सगळ्यांना नाही होत. खूप जणांना काही होत नाही."

"होता तेंका किती वर्षांनी?"

"वीस. तीस. चाळीस पण."

दत्तारामने बोटं उघडली आणि अंगठा पेराला लावला. त्याचे ओठ हलत होते. आधी कुणाला कळलं नाही तो काय मोजतोय.

"बासष्ट साल. काशी सहा वर्षांचो. तांब्यांचो कुंडलिक, तेची बहीण शेवंती. खालची विमला. तू पाळण्यात होतंस, तुज्या अंगावर पण टाकललंय, फोटो काढूंक." दुसरं बोट. "त्येच्या नंतर चंद्रप्रकाश. गायकवाडांची द्रौपदी, रतन. द्रौपदी सगळ्यात बरी पिंजी, कापूस निस्तो." तिसरं बोट. "ती पंढरपूरकरांची जुळी..." त्याचा अंगठा तिथेच थांबला. "मी हात धुवून बसयत होतंय गो तेंका. हात दाखवा म्हणा होतंय. बर्फ मळता नये म्हणान."

वनमाला पुढे आली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला टेकून बसली. "तुमका काय म्हायत होता?" ती म्हणाली. "कोणाक म्हायत होता?"

"माका म्हायत नव्हता," तो म्हणाला. "ता खराच. पण हाडला मीच मा?"

घड्याळात चार वाजले, आणि गॅलरीत चपलांचा आवाज आला. आता कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं. हरतालिकेचे चार. चाळीतली पोरं दरवर्षीसारखी आली होती. पूर्वी पिंजायला बसायची त्यांचीच आता ही पोरं. आठ-नऊ जण, केस ओले करून चप्प बसवलेले, दाराबाहेर एका रांगेत, आणि प्रत्येकाने दोन्ही तळहात पुढे धरलेले. धुतलेले, काही तर अजून ओलेच. परब आजोबा हात बघितल्याशिवाय बर्फाला शिवू देत नाहीत, हे त्यांच्या आयांनी त्यांना शिकवून पाठवलं होतं.

सुलक्षणा शकुला कडेवर घेऊन पलीकडे उभी होती. मी त्यांना घालवते, असं तिने डोळ्यांनी विचारलं. दत्तारामने हात वर करून तिला थांबवलं. वनमालाच्या खांद्याचा आधार घेऊन उठला, उंबरा ओलांडला आणि दार मागे ओढून घेतलं. कॅनव्हासची खुर्ची सुलक्षणाने पुढे आणली.

"हात दाखवा," तो म्हणाला.

एकेक पोर पुढे आलं. त्याने दरवर्षीसारखे प्रत्येकाचे हात उलटसुलट करून बघितले. यंदा त्याला जास्त वेळ लागत होता. द्रौपदीच्या मुलीचे हात तर त्याने सोडलेच नाहीत, शेवटी तीच म्हणाली, "आजोबा, स्वच्छ आहेत. मी साबण लावलाय."

"होय गो, बाये. स्वच्छच आसत." त्याने तिचे हात सोडले. "पण यंदा बर्फ नाय."

"का?"

"गणपतीन सांगल्यान, माका थंडी वाजता. दरवर्षी मेलो काय तो हिमालय. यंदा कोकणात बसतंय म्हणालो, झाडाखाली. मार्तंडा! माटवीचा सामान हाड भायर. सगळा."

मामाने पिशव्या आणल्या, डोळे खांद्याला पुसत. दत्ताराम एकेका धुतलेल्या हातावर तेरडा ठेवत गेला, हरणं, कवंडळं, कुणाला सुपारीचा तुरा. बर्फ नाही म्हणून एक-दोघं हिरमुसली. पण कवंडळ लाल होतं, आणि पोरांना रंग पुरतो.

रांग संपली असं वाटलं तेव्हा शेवटी काशीराम उभा होता. केसांत ओला बर्फ चिकटलेला, डोळे लाल. तीस वर्षांचा बाप्या माणूस, त्याने पोरांसारखे दोन्ही हात पुढे धरले. माफी मागण्याची परबांच्या घरात दुसरी रीत नव्हती.

दत्तारामने त्याचा उजवा हात धरला. मनगटापासून कोपरापर्यंत ती जुनी, सुरकुतलेली, तुकतुकीत कातडी. त्यावरून त्याने अंगठा फिरवला. पोरं माटवीच्या कामट्यांभोवती गलका करत होती.

"भाजललो तोच बरो होतो रे," तो म्हणाला. "भरान तरी इलो."

"बाबा."

"तुका काय होणा नाय मा, काशी? खोकलो बिकलो? छातीत?"

"काही नाही बाबा. ठणठणीत आहे मी. जूनमध्ये कामावर फोटो काढला ना, एकदम क्लीअर."

"खरा?"

"तुमची शपथ."

दत्तारामने बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग मान हलवली आणि त्याच्या हातावर तेरड्याची एक जुडी ठेवली.

काशीराम आत आला. रत्ना ओला ढीग प्लास्टिकच्या कागदात भरत होती, तोंडाला ओला फडका बांधून. तो तिच्याशेजारी उकिडवा बसला. हत्यारांची पिशवी ओढून घेतली, तळाशी हात घातला आणि खाकी पाकीट तिच्यासमोर धरलं. रत्नाने पाकिटाचा आकार बघितला आणि तिला कळलं. अशी पाकिटं ती रोज हाताळत होती.

"कधीचा?"

"जूनचा."

"दादा, तू आत्ता बाबांची..."

"हो. घेतली शपथ." त्याने तेरड्याची जुडी पाटावर ठेवली. "सोमवारी येतो मी तुझ्या डॉक्टरकडे. कामावर नाही जाणार. सुलूला मी सांगतो आज. पण बाबा आहेत तोवर हे या घरात उघडू नको."

रत्नाने हात पुसले आणि पाकीट न उघडता आपल्या पर्समध्ये ठेवलं. बाहेर शकु अजून हुंदके देत होती. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा आजोबांच्या मांडीवर बसून, कवंडळ कुठल्या दोरीने बांधायचं ते विचारत होती.

"सुतळीन बांध," दत्ताराम सांगत होता. "सादी सुतळी घे."